ओठाच्या डाव्या कोपऱ्यासाठी

हल्ली आमच्या कराडातसुद्धा आठ्या घालवायचं इंजेक्शन मिळतं. परवा भाचीच्या लग्नात एका विहीणबाईंना मोठं आश्चर्य वाटलं, पण त्यांच्या भुवया काही जागच्या हलेनात. शेजारची बहीण कुजबुजली, "ताई, हिला काय झालंय गं?" मी म्हटलं, काही नाही, कपाळाचा स्नायू झोपवलाय. त्या औषधाची पहिली कुपी मी पाहिली ती ऐंशीचं दशक संपत आलं असताना, वसई-विरारकडच्या नंदाखाल गावात, बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये. तेव्हा ते आठ्यांसाठी वापरावं असं आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या प्रवासाबद्दल मी आजवर काही लिहिलं नाही. विहीणबाईंच्या कृपेने आज बसले आहे.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि मुंबईच्या एका कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवत होते. चेहऱ्याचे स्नायू मला तोंडपाठ होते, पण ते सगळे मेलेल्या माणसांचे. मेलेला माणूस हसत नाही, बोलत नाही आणि तक्रार तर अजिबात करत नाही. त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत झाली होती.

आमचे एक सर डोळ्यांचे सर्जन होते. तिरळेपणावर आणि आपोआप मिटणाऱ्या पापण्यांवर चालणारं हे नवीन औषध त्यांनी परदेशात शिकून रीतसर परवानगीने आणलं होतं, फक्त काही कुप्या. स्नायूत टोचलं की तो स्नायू दोन-तीन महिने सैल पडतो, एवढाच त्याचा गुण. त्यांच्याकडे एक दिवस नंदाखालचे मनवेलकाका आले. वय बावन्न, केळीची वाडी, आणि गावच्या बँडमध्ये तीस वर्षं कॉर्नेट, म्हणजे तुतारीच्या जातीचं आखूड पितळी वाद्य. वर्षभर त्यांचा एकच त्रास होता: कॉर्नेट ओठाला लावला की ओठाचा डावा कोपरा झटक्याने खाली जायचा आणि सूर फाटायचा. बोलताना, जेवताना, शीळ घालताना काही नाही. फक्त कॉर्नेट वाजवताना.

सरांनी त्यांना बाह्यरुग्ण विभागात वाजवायला लावलं. मेट्रनबाई धावत आल्या, खालच्या मजल्यावरचे पेशंट कोणाची वरात आली म्हणून जिन्यात जमले, आणि एवढ्या गर्दीत मनवेलकाकांचा ओठ शहाण्या मुलासारखा वागला. झटका एकही आला नाही. सर वैतागले. मला म्हणाले, "तुम्हाला चेहरा पाठ आहे ना? मग त्यांच्या घरी जा, कोणता स्नायू चुकतोय ते शोधून ठेवा. मी रविवारी औषध घेऊन येतो. एकदा कुपीतली पूड कालवली की चार तासांत संपवायची, तेव्हा मी आल्यावर विचार करत बसू नका."

गुरुवार

विरारला उतरून आगाशीकडची एस.टी. धरली. नंदाखालच्या फाट्यावर उतरले आणि पहिल्यांदा जाणवला तो वास: ओली माती, केळीची पिकली पानं आणि कुठेतरी फुललेला मोगरा. आमच्याकडे जानेवारीत उन्हाने भेगाळलेली रानं. इथे वाडीतून पाट झुळझुळत होते, माडांची सावली रस्त्यावर पडलेली, आणि प्रत्येक घरापुढे एक क्रूस, त्याला ताज्या फुलांचा हार. मला वाटलं, इथल्या माणसाला आजार तरी कशाला होईल.

मनवेलकाकांची बायको, फिलोमिनाबाय, लाल लुगडं नेसून पाटावरच भांडी घासत होत्या. मला पाहून हात पुसत उठल्या. "ये बाय, ये. डॉक्टर एवढी बारीक असते होय? मला वाटलं चष्म्याचा कोणी बाबा येईल." आपसात ते त्यांच्या घरच्या बोलीत बोलत, ती मला अर्धीच कळे. माझ्याशी मात्र शाळेतली मराठी, पण तिला वाडीतल्या पाण्याची ओल होती.

जेवायला तांदळाची भाकरी, ओल्या बोंबलाचं कालवण आणि घरचीच सुकेळी. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, मधासारखी. मी एकामागून एक पाच खाल्ली. फिलोमिनाबाय म्हणाल्या, "खा, खा. लग्नात पण ठेवलीत."

लग्न लीनाचं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं. वीस दिवसांवर आलेलं, कारण पुढे चाळीस दिवसांचा उपासकाळ लागला की चर्चमध्ये लग्नं होत नाहीत. आणि मुद्दा तोच होता. त्या घरात एक रीत होती: घरची मुलगी दारातून निघाली की चर्चच्या फाटकापर्यंत घरच्याच कॉर्नेटच्या सुरावर जायची. मनवेलकाकांनी आपल्या तीन बहिणी अशा पोहोचवल्या होत्या, आणि सगळ्या पुतण्या. आता स्वतःच्या मुलीच्या वेळी ओठ दगा देत होता. धाकटा भाऊ पास्कू दुसरा कॉर्नेट वाजवायचा, त्यालाच पुढे उभं करा असं फिलोमिनाबायने सुचवून पाहिलं होतं. "त्याच्याबद्दल वाईट नाय सांगत," काका मला म्हणाले, "पन माझी पोर माझ्या फुंकरीवर गेली पायजे. दुसऱ्याच्या कशाला?"

मी हो म्हटलं.

शुक्रवार आणि शनिवार

सकाळी वाडीतल्या विहिरीच्या काठावर मी त्यांना वाजवायला लावलं आणि डोळे फाडून बघत बसले. इथे झटका येत होता, अगदी ठरलेल्या जागी, वरचा सूर घ्यायला निघाले की. पण तो इतका झटकन यायचा आणि जायचा की कॉर्नेटच्या तोंडाआड काय हललं ते दिसेना. पुस्तकात प्रत्येक स्नायूला वेगळा रंग दिलेला असतो. मनवेलकाकांचा गाल सगळा एकाच रंगाचा होता.

सरांचा संशय ओठांभोवतीच्या गोल स्नायूवर होता. मलाही तेच बरोबर वाटत होतं, कारण सर म्हणाले होते. पण धाकधूक वाटत होती. हा गोल स्नायू म्हणजे तोंडाची दोरी. ती सैल पडली तर फुंकर धरणार कशी? पाणी पितानाही ओठातून ओघळेल.

"तुमी कदी वाजवलाय काय?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग कळनार कसा?"

त्यांनी कॉर्नेट माझ्या हातात दिला. मी फुंकलं. आवाज असा आला की पलीकडच्या वाडीतली म्हैस हंबरली, आणि लीना विहिरीआड जाऊन हसत बसली. तासभर मी फुंकत होते. ओठांवर गोल वळ उठला, दुपारचं कालवण इतकं झोंबलं की मी नुसता भात खाल्ला. पण एक गोष्ट कळली: फुंकताना ओठ ताणलेले असतात, त्यांना गालाकडून कोणीतरी बांधून धरलेलं असतं, आणि त्यातला एक धागा जास्त ओढला गेला की सगळी वीण वाकडी होते. मेलेल्या चेहऱ्यावर हे मला आठ वर्षांत कळलं नव्हतं.

संध्याकाळी काकांनी आपल्या गुरूची गोष्ट सांगितली. नवशिक्याला ते आधी सहा महिने कॉर्नेट देतच नसत. माडाच्या झावळीचा एक हीर, म्हणजे पातीच्या मधली लांब काडी, घ्यायचा, एका टोकाला नुसत्या ओठांत धरायचा, दात लावायचे नाहीत, आणि समोर सरळ ठेवायचा. टोक जराही खाली गेलं की उन्हात उभं राहायचं. त्यांनी झावळीतून एक हीर ओढला, माझ्या ओठांत दिला. तीन मोजेपर्यंत टोक जमिनीकडे वळलं.

"आता तुम्ही धरा," मी म्हटलं.

काकांनी हीर धरला. अर्धा तास झाला तरी ढिम्म. म्हणजे साध्या धरण्याने झटका येत नव्हता. तेव्हा मला एक सुचलं. मी पास्कूला बोलावून तीच चाल वाजवायला सांगितली, आणि काकांना म्हटलं, "हीर ओठातच असू दे. तुम्ही मनात वाजवा. बोटं पण चालवा हवेत."

पास्कूने सुरुवात केली. काकांची बोटं हवेत नाचू लागली, डोळे मिटले, गाल ताठले. वरचा सूर आला आणि हिराचं टोक चटकन खाली, डावीकडे गेलं. पुन्हा वाजवलं, पुन्हा तिथेच. लांब हिरामुळे ओठाचा केसभर झटका टोकाला बोटभर दिसत होता. तिसऱ्या वेळी मी माझं बोट त्यांच्या जबड्यावर, ओठाच्या कोपऱ्याखाली ठेवलं. कातडीखाली एक पट्टी टणक झाली, खालून वर, पंख्यासारखी निमुळती होत कोपऱ्यात शिरणारी. ओठाचा कोपरा खाली ओढणारा स्नायू! लॅटिनमध्ये त्याचं नाव हातभर लांब आहे, मी ते दरवर्षी पोरांकडून घोकून घेत असे, आणि आज तो पहिल्यांदा माझ्या बोटाखाली जिवंत होता. खरं सांगते, माझे डोळे भरून आले. गोल स्नायूचा काही दोष नव्हता.

त्याच्या आतल्या अंगाला खालच्या ओठाचा दुसरा एक स्नायू असतो, अर्धा त्याच्याखाली दबलेला. औषध तिकडे झिरपलं तर ओठच वाकडा होणार. म्हणून टोचायचं ते ओठापासून लांब, जबड्याच्या कडेजवळ आणि बाहेरच्या अंगाला. मी तिथे जांभळ्या औषधाने तीन ठिपके काढले आणि बजावलं, "रविवारी सर येईपर्यंत हे पुसायचे नाहीत."

रविवार

माणसं ऐकतात, हा माझा अनुभव नव्हता. मनवेलकाका ऐकणारे निघाले. सकाळी नवा कोट घालून, केस चापून, डाव्या जबड्यावर तीन जांभळे ठिपके घेऊन ते सहकुटुंब चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला गेले. मी बरोबर होते आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं होतं. पुढच्या बाकावरच्या बायका माना वळवून बघत. कोणी म्हणालं दृष्ट काढली, कोणी म्हणालं नागीण झाली, एका म्हातारीने आपल्या नातवाला पलीकडे ओढून घेतलं. कम्युनियनचा प्रसाद देताना फादरांचा हात क्षणभर हवेत थांबला.

बाहेर आल्यावर फादरांनी विचारलं, "मनवेल, हे काय?"

"डॉक्टरबाईंनी जागा राखून ठेवलीय, फादर."

फादर माझ्याकडे वळले. मी स्नायूचं लांब नाव सांगितलं. त्यांना लॅटिन येत होतं, ते खदखदून हसले आणि त्यांनी काकांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. मी देव-धर्मात फारशी नाही, पण त्या घडीला आशीर्वादाची गरज मलाच जास्त होती.

दुपारी सर आले, थर्मास मांडीवर घेऊन, टांग्यातून. ठिपके पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "इतकं खाली? मी ओठाजवळ म्हटलं होतं."

पण गेल्या दोन दिवसांत माझे ओठ सुजले होते ते उगाच नव्हे. मी म्हटलं, "सर, एकदा बोट ठेवून बघा." हीर, पास्कू, चाल, सगळं पुन्हा मांडलं. सरांनी बोट ठेवलं. पहिल्या वेळी बोट जरा सरकवून पाहिलं. दुसऱ्या वेळी पास्कूला म्हणाले, "अजून एकदा." मग उठून हात धुतले आणि कुपी कालवायला घेतली. "मी चुकलो असतो," एवढंच ते माझ्याकडे न बघता म्हणाले. इतक्या मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन झालं. बारीक सुई, अगदी थोडं औषध, डाव्या बाजूलाच. सरांनी काकांना स्वच्छ सांगितलं, "गुण यायला आठवडा लागेल. आणि तीन महिन्यांनी उतरेल. पुढची कुपी माझ्याकडे असेलच असं नाही."

"लग्न सतरा दिसांवर हाय," काका म्हणाले. "तीन महिने म्हणजे लय झाले."

सरांनी आणखी सांगितलं: पाणी पिताना, बोलताना, हसताना काही वेगळं वाटलं तर कळवा. मीही वहीत तीन मथळे आखले: पिणं, बोलणं, हसणं. आपण सगळा विचार केलाय, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

वाट पाहताना

सर लगेच परतले, मी आठवडाभर राहिले. सोमवार, मंगळवार काहीच नाही. झटका होता तसाच. काका केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं काढत, मी मागे हिंडत असे. फिलोमिनाबायने मला फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे गोल वडे, तळायला शिकवलं. माझे चपटे झाले, त्यांच्या शेजारणी ते बघायला मुद्दाम आल्या. लीना मला तिच्या लग्नाचा पांढरा झगा दाखवायची आणि मधेच विचारायची, "बाई, खरंच वाजवतील ना बाबा? नाय वाजवलं तरी चालेल म्हणा मला. पन त्यांना नाय चालायचं." रोज सकाळी पाटाच्या कडेने चर्चची घंटा ऐकू येई आणि त्या आवाजात मी बोटं मोजायची, आज कितवा दिवस.

गुरुवारी सकाळी चहा पिताना वाडीतून कॉर्नेट ऐकू आला. वरचा सूर आला, आणि फाटला नाही. फिलोमिनाबायच्या हातातली कपबशी तशीच राहिली. आम्ही तिघी धावत गेलो. काका विहिरीच्या काठावर उभे होते, आमच्याकडे बघून त्यांनी तो सूर पुन्हा घेतला, लांबवला, सोडवेना त्यांना. मी ठिपक्यांच्या जागी बोट ठेवून पाहिलं. पट्टी मऊ पडली होती. मी वहीत लिहिलं: पिणं ठीक, बोलणं ठीक, हसणं किंचित तिरपं.

इतकी सुखी मी पुढे कुठल्याच बढतीने झाले नाही.

लग्न

लग्नाला मी पुन्हा गेले, पाहुणी म्हणून. सगळा बँड अंगणात उभा, पांढरे शर्ट, चकचकीत पितळ. लीना झगा सावरत दारातून बाहेर आली आणि मनवेलकाकांनी सुरुवात केली. तिला चर्चमध्ये हाताला धरून आत न्यायचं काम त्यांचंच होतं, पण फाटकापर्यंत ते कॉर्नेटवाले. पुढे ते, मागे बँड, मग लीना, मग गाव. माडांच्या सावलीतून, पाटांवरच्या फळ्यांवरून आम्ही चाललो. सूर एकदाही हलला नाही.

फाटक दिसू लागलं तसा मागच्या बँडचा आवाज विरळ होत गेला. मी वळून पाहिलं. पास्कूने कॉर्नेट खाली घेतला होता. पोरीला त्यानेच खांद्यावर खेळवलेलं, त्याला रडू आवरेना आणि रडणाऱ्या ओठाने फुंकता येत नाही. क्लॅरिनेटवाले चुलते तसेच. नुसता ढोल चालू होता. आणि सगळ्यांच्या पुढे मनवेलकाका एकटे वाजवत होते.

मी पुढे गेले आणि त्यांचा चेहरा पाहिला. तेही रडत होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. उजवा कोपरा खाली ओढला जात होता, थरथरत होता, रडणाऱ्या माणसाचा जातो तसा. डावा जागच्या जागी. काकांनी कॉर्नेटचं तोंड अंगुळभर डावीकडे सरकवलं होतं आणि त्या न रडणाऱ्या बाजूने ते चाल पुरी करत होते.

माणूस रडायला लागला की ओठाचे कोपरे खाली ओढणारा स्नायू तोच. पहिल्या वर्षाच्या पोरालाही मी हे शिकवते. आणि आम्ही दोघा विद्वानांनी पिणं विचारलं, बोलणं विचारलं, हसणं विचारलं. मुलीच्या लग्नाला निघालेल्या बापाला रडण्याबद्दल विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. मला इतकी शरम वाटली की त्यांच्या नजरेला नजर देता येईना.

फाटकाशी चाल संपली. त्यांनी कॉर्नेट पास्कूच्या हातात दिला आणि लीनाकडे वळले. तिने वडिलांचं तोंड बघितलं, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. "बाबा, तुमी अर्धेच रडताय!"

काकांनी हाताने दोन्ही गाल चाचपले. मग मला शोधलं. "काय ओ डॉक्टरबाई, रडनं पन काढून घेतलात?"

"तीन महिन्यांनी परत येईल, काका," मी कशीबशी म्हणाले.

"मग चालेल. उरलेलं तवा रडीन." आणि लीनाचा हात धरून ते आत गेले.

औषध खरंच तीन महिन्यांचं निघालं. सरांकडच्या कुप्या संपल्या होत्या, नव्या पुढे तीन वर्षं आल्या नाहीत. मेच्या सुरुवातीला मला पोस्टकार्ड आलं, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात:

"डॉक्टरबाईंना मनवेलचा नमस्कार. ओठ पुन्हा खाली ओढतो. कॉर्नेट पास्कूला देऊन टाकला, तो बरा वाजवतो. लीना चार दिवस माहेरी येऊन काल सासरी गेली. ती गेल्यावर विहिरीवर बसून बाकीचं रडून घेतलं, दोन्ही बाजूंनी. तुम्ही काळजी करत असाल म्हणून कळवलं."